सहा वाजताचे गुणवंतभाऊ

मागच्या महिन्यात आमच्या टीममध्ये लाखनीची एक नवी मुलगी आली. तिसऱ्याच दिवशी ती सात मिनिटं उशिरा आली, आणि मी माइकवर शांतपणे म्हणाले, "तुहे सात मिनिटं म्हणजे चौघायचे अठ्ठावीस." तिनं माफी मागितली, खेळ सुरू झाला. मला मात्र त्या दिवशी नीट खेळता आलं नाही. ते वाक्य माझं नव्हतं. आवाज न चढवता म्हणायची ती तऱ्हाही माझी नव्हती. दोन्ही गुणवंतभाऊंची होती, आणि इतक्या दिवसांनी ती माझ्याच तोंडून निघाली होती.

त्यांच्याबद्दल लिहिताना अजूनही 'ते' म्हणावं की 'तो', इथं मी अडखळते. 'ते'च म्हणते. सवय त्यांनी लावलेली आहे.

गुणवंतभाऊ पवनीच्या एका सेवा केंद्रात ऑपरेटर होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, जे हवं ते काढून द्यायचे. वय तेव्हा तिशीच्या आत-बाहेर. अंगानं काटक, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि टेबलाच्या खणात टाल्कम पावडरचा छोटा डबा. नव्या माणसाला वाटायचं, हा माणूस फार नटतो. पण ती पावडर तोंडासाठी नव्हती, अंगठ्यांसाठी होती. घामानं अंगठा स्क्रीनवर अडकला की नेम चुकतो. सहाला पाच कमी असताना ते केंद्राचं शटर अर्धं खाली ओढायचे, दोन्ही अंगठ्यांना पावडर लावायचे आणि फोन हातात घ्यायचे.

खेळ कोणता, ते सांगत नाही. या जातीचे सगळे खेळ सारखेच असतात. चौघांची टीम विमानातून एका बेटावर उतरते, हत्यारं गोळा करते, आणि खेळायची जागा हळूहळू आकसत जाते. शेवटी जी टीम उरते ती जिंकते. बाहेरून पाहणाऱ्याला ही नुसती गोळीबारी वाटते. गुणवंतभाऊंच्या लेखी ती चार माणसांनी एकमेकांना दिलेल्या वेळेची गोष्ट होती.

मी त्यांना भेटले ती खेळातच. मी आसगावची, तेव्हा पवनीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. खेळात अनोळखी लोकांसोबत टीम पडायची, आणि मुलीचा आवाज ऐकला की लोक काय काय बोलायचे. म्हणून मी माइक बंद ठेवूनच खेळायचे. एकदा अशाच टीममध्ये एकानं मला तीनदा विचारलं, "डाव्या बाजूनं कोण आहे? बोल ना." मी बोलले नाही. आम्ही मेलो. नंतर त्याचा निरोप आला, 'तुहा नेम चांगला आहे. पण आवाज नाही आला तं टीम कशी म्हणाव?' मी धीर करून लिहिलं की मी मुलगी आहे. उत्तर आलं, 'मंग? माइक तं सारखाच राह्यते ना.'

महिन्याभरात त्यांनी टीम बांधली. ते, मी, गोसीखुर्दच्या धरणामुळे नव्या गावठाणात आलेल्या घरातला होमराज, आणि तुमसरकडच्या सिहोऱ्याचा, भाताच्या गिरणीवर काम करणारा रोशन. नाव ठेवलं झाडीपट्टी फोर. सराव रोज सहा ते आठ.

माझ्यासाठी रोजचे दोन तास मागायला ते स्वतः आमच्या घरी आले. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बाबा बांधीतून नुकतेच आलेले, पायांचा चिखल धुवत होते. गुणवंतभाऊ ओसरीच्या काठावर बसले.

"खेळाले बी परवानगी लागते का बापा?" बाबांनी विचारलं.

"खेळाले नाही काकाजी, टायमाले. सहा ते आठ रोज. मधात कोणं हाक मारली तं हे उठंन, अन् आमी तिघं मरू."

"मरू?"

"गेममधी, काकाजी."

बाबा हसले, पण मान हलेना. मग गुणवंतभाऊंनी विचारलं, "रोवणीले दहा बाया सांगतल्या अन् तीन नाही आल्या तं काय होते?"

"काय होते म्हणजे? बांधी अर्धी राह्यते."

"आमचं बी तसंच आहे."

आई आतून ऐकत होती. तिनं विचारलं, "पोरी किती जणी आहेत याच्यात?"

"हे एकटीच, काकू." त्यांनी खिशातून कागद काढून त्यावर दोन नंबर लिहिले. "हा दुकानाचा. अन् हा माह्या मायचा. पोरीले कोणं काई बोललं, मी जरी बोललो, तं मले फोन नोको करजा. सिधा मायले करजा."

आईनं तो कागद देवघराच्या फळीला चिकटवला. त्या दिवसापासून सहा वाजले की आईच म्हणायची, "जा व, तुही हजेरी आहे."

हजेरी खरंच होती. सहाला ते एकेकाचं नाव घ्यायचे. आम्ही 'हजर' म्हणायचो, आणि त्या एका शब्दावरून त्यांना कळायचं. "रोशन, जेवला नाहीस वाटते." "प्रणाली, घरी वाजलं का कोणाशी? आज तू माह्या मागं राह्य." त्यांचा आणखी एक नियम होता, मेलेल्यानं बोलायचं नाही. खेळात मेल्यावर माणूस फार बोलतो, कोण कुठून आला, कोणी वाचवलं नाही. "मेला ना? मंग चूप. जिवंत माणसाले ऐकू येऊ दे," ते म्हणायचे. आठ वाजता खेळ संपला की दहा मिनिटं चुकांची. शाळेच्या वहीत त्या लिहिलेल्या असायच्या, आणि पहिली चूक कायम स्वतःची. "तिसऱ्या खेळात मी पूल ओलांडाले उशीर केला. त्याच्यानं होमराज मेला. माही चूक." मग आमच्या. अशा माणसावर रागवायचं कुठून?

होमराजचा प्रसंग मी विसरू शकत नाही. त्याचे वडील जलाशयात मासेमारी करायचे. घर नव्या गावठाणात, आणि तिथं नेटवर्कचा पत्ता नाही. आठवड्यातून दोनदा तो मधूनच नाहीसा व्हायचा. एका सराव सामन्याला तो आलाच नाही. रोशन म्हणाला, तिघंच खेळू. गुणवंतभाऊ म्हणाले, "नाही. आज आपण तिघं खेळलो तं त्याले वाटंल त्याच्याबिगर चालते. अन् आपल्यालेबी वाटंल." आम्ही सामना सोडून दिला. समोरच्या टीमनं नंतर आमची थट्टा केली.

त्या रविवारी ते मोटरसायकलनं होमराजच्या गावी गेले. तिथं दुपारभर फोन डोक्यावर धरून गल्लोगल्ली फिरले. पोरं मागे लागली, बाया दारात येऊन पाहू लागल्या. शेवटी शाळेच्या मागच्या ओट्यावर, उजव्या कोपऱ्यात, पूर्ण रेंज सापडली. त्यांनी तिथं खडूनं चौकोन काढला आणि होमराजला सांगितलं, "हे तुही जागा." तिथं डास फार, म्हणून पुढच्या आठवड्यात डासांच्या अगरबत्तीचा पुडा पाठवला. त्यानंतर होमराज एकदाही गळाला नाही. आईबापानंतर माझ्यासाठी असं कोणी फिरलं नाही, असं तो म्हणायचा.

मग विदर्भ पातळीची एक मोठी स्पर्धा आली. आधी ऑनलाइन फेऱ्या, आणि शेवटच्या सोळा टीमची अंतिम फेरी नागपुरात, एका सभागृहात, प्रेक्षकांसमोर. आम्ही निवडले गेलो तेव्हा चौघंही माइकवर होतो. गुणवंतभाऊ म्हणाले, "आता आठ नाही, नऊ वाजेपर्यंत बसा लागंल. तीन हप्ते. मंग झोपा किती झोपाचं तं."

रोशननं गिरणीतली पाळी बदलून घेतली, मुकादमाची बोलणी खाल्ली. होमराज वडिलांसोबत संध्याकाळी जाळं टाकायला जायचा, ते बंद केलं. म्हातारा तीन आठवडे एकटाच डोंग्यात बसला. त्या तीन आठवड्यांत गुणवंतभाऊंनी आमच्याकडून एकच योजना घोटवून घेतली. पाण्याच्या टाकीपाशी उतरायचं, मी डावीकडून, होमराज उजवीकडून, रोशन गाडी आणेल, आणि पुलावरून पलीकडे. रोज तेच. मी एकदा म्हटलं, दुसरंही काही करून पाहू. "पाठ होऊ दे," ते म्हणाले. "झोपीत बी पाय तिकडेच गेले पायजे."

त्याच दिवसांत माझ्या मोठ्या बहिणीचं, सोनालीताईचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं. संध्याकाळचा मुहूर्त. मी दोन दिवस आधी गुणवंतभाऊंना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "तू ठरव. आमी तिघं बसून राहू." पलीकडे होमराज आणि रोशन ऐकत होते. मी ठरवलं.

पाहुण्यांचा चहा झाला, आणि मी धानाची पोती ठेवायच्या खोलीत गेले, आतून कडी लावली, हेडफोन घातले. बाहेर ताईची ओटी भरली जात होती. आईनं दोनदा दार वाजवलं. तिसऱ्यांदा ताई स्वतः आली. "पनू, अंगठी घालून राहिले," ती दारापलीकडून म्हणाली. मी म्हटलं, "पाच मिनिटं." नंतर मी बाहेर आले तेव्हा फोटो काढून झाले होते. त्या अल्बममध्ये मी कुठंच नाही. ताई माझ्याशी लग्नापर्यंत बोलली नाही, आणि लग्नात बोलली ते पाहुण्यांशी बोलावं तसं.

नऊ दिवसांनी आम्ही नागपूरला गेलो. मी आणि होमराज पवनीहून पहाटेच्या बसनं, रोशन तुमसरहून. गुणवंतभाऊंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, "मी मोटरसायकलनं येतो. तुमी पोहोचा, साडेनवाले नाव नोंदवा लागते." साडेनऊ झाले. फोन बंद. पावणेदहा झाले. ज्या माणसानं मला दोन मिनिटांवरून कधी सोडलं नाही, त्याच्यासाठी मी सभागृहाच्या दारात उभी राहून अपघाताचे विचार करत होते. होमराजनं त्यांच्या आईला फोन लावला. ती म्हणाली, "गुणवंता तं कालच नागपूरले गेला. तुमच्या सोबतच आहे ना?"

नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंना मी म्हणाले, "आमचे कॅप्टन अजून आले नाहीत. थोडा वेळ द्या."

त्यांनी यादी पाहिली. "कॅप्टन प्रणाली कोण?"

"मी. पण कॅप्टन मी नाही."

"इथं तर तुम्हीच आहात. तीन आठवड्यांपूर्वी यादी बदललीय तुमच्या टीमनं." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. निवड झाल्यावर चौघांपैकी एक खेळाडू बदलायला परवानगी होती. आमच्या टीममधून गुणवंतभाऊ कमी झाले होते. कॅप्टन म्हणून माझं नाव होतं, आणि चौथ्या जागी लाखांदूरच्या कोणा मुलाचं. तो गुणवंतभाऊंचा मावसभाऊ, हे नंतर कळलं. तो आला नव्हता. येणारही नव्हता. यादीची सगळी कामं गुणवंतभाऊंचीच असायची. आम्ही ती कधी उघडून पाहिली नव्हती.

रोशन म्हणाला, "चूक झाली असंल. त्याईचं नाव टाइप कराचं राहून गेलं असंल." त्याला तेच खरं वाटत होतं. तेवढ्यात होमराजनं माझी बाही ओढली.

मंचाच्या उजवीकडे नागपूरच्या एका मोठ्या टीमचे चौघं निळ्या जर्सीत खुर्च्यांवर बसत होते. त्यातला एक अंगठ्यांना पावडर लावत होता.

आम्ही तिघांनी खेळायचं ठरवलं. ठरवलं असंही नाही, आमची नावं पुकारली आणि आम्ही जाऊन बसलो. पहिल्याच सामन्यात आम्ही टाकीपाशी उतरलो. डावीकडून जाताना मला गोळी लागली, जणू तिथं कोणी माझी वाटच पाहत होतं. होमराज उजवीकडे मेला. रोशन गाडी घेऊन पुलावर पोहोचला तेव्हा पुलाच्या दोन्ही टोकांना निळी टीम बसलेली होती. तीन आठवडे आमचे पाय झोपेतही जिथं जावेत म्हणून ज्यानं घोटवून घेतलं, तो नेमका तिथंच बसला होता. दुसऱ्या सामन्यात आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाला उतरलो. पण घाबरलं की हात सवयीनंच चालतात, आणि आमच्या सवयी सगळ्या त्याच्या माहितीच्या होत्या. रोशन रडत होता. मेलेल्यानं बोलायचं नाही, म्हणून तो आवाज न करता रडत होता.

आम्ही शेवटून दुसरे आलो. निळी टीम तिसरी आली.

ते पाण्याच्या मशीनपाशी एकटे सापडले. आमच्याकडे पाहून ते निघून गेले नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं. बाटली भरेपर्यंत थांबले, झाकण लावलं, आणि म्हणाले, "आज कॉल उशिरा देऊन राहिली होती तू."

मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा 'तू' म्हटलं. "काहून केलं तू असं?"

"त्याईची मोठी टीम आहे. रोजचं काम होते ते. माहं वय किती राहिलं आता याच्यात?"

"ते जाऊ दे. जाचं होतं तं जाचं. सांगतलं काहून नाही?"

त्यांनी खरं उत्तर दिलं. खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. "सांगतलं असतं तं तुमी खेळणं सोडलं असतं. त्याईचा सराव उशिरा राहे. संध्याकाळी हात बसाले मले टीम लागत होती."

"अन् टाकीवाला प्लान?"

त्यांनी बाटलीचं झाकण उघडून पुन्हा घट्ट लावलं.

"ताईच्या साक्षगंधाच्या दिवशी तुले मालूम होतं, का तू आमच्यात नाही म्हणून?"

"होतं," ते म्हणाले. "कॅप्टन तुलेच केलं ना मी. तेवढी लायकी तुहीच होती."

होमराज इतका वेळ मागे उभा होता. तो पुढे आला. मला वाटलं, मारतो आता. पण त्यानं फक्त विचारलं, "भाऊ, माह्या गावी रेंज पाहाले आले होते, ते बी सरावासाठीच का?"

"नाही रे," गुणवंतभाऊ लगेच म्हणाले. "तेव्हा तसं काई नव्हतं."

मला वाटतं, ते खरं असावं. त्यामुळेच हा माणूस मनातून काढून टाकता येत नाही. आधीपासूनच लबाड असता तर एका शिवीत संपला असता. तो आमच्यासाठी उन्हात फिरला होता आणि त्यानंच आम्हाला पुलावर गाठून मारलं. या दोन्हीतला एक गुणवंत खोटा, असं म्हणायची सोय त्यानं ठेवली नाही.

परतताना बसमध्ये होमराज खिडकीशी बसला. उमरेड आल्यावर म्हणाला, "आता मायले काय सांगू? ते त्याईच्या नावानं दिवा लावते." घरी आल्यावर आईनं विचारलं, जिंकले का. मी नाही म्हटलं. तिनं गुणवंतभाऊंचं विचारलं नाही, तोंड पाहूनच समजली असावी. दुसऱ्या दिवशी देवघराच्या फळीवरचा कागद गेला होता. त्यांच्या आईला फोन करावा असं तिच्या मनात आलं होतं, हे तिनं फार दिवसांनी सांगितलं. "पण म्हातारीचा काय दोष?" ती म्हणाली.

मी दोन-चार महिने खेळ हातात घेतला नाही. मग भंडाऱ्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली, आणि हळूहळू नवी टीम झाली. होमराज आहे माझ्यासोबत. रोशननं सोडलं ते सोडलंच. दर नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी यादी उघडून दाखवते आणि पासवर्ड चौघांनाही देते. लोकांना वाटतं, किती मोकळी आहे ही. मोकळी कसली, मी कोणावर विश्वास ठेवत नाही.

त्यानंतर मी गुणवंतभाऊंना एकदाच पाहिलं, होमराजच्या लग्नात. पत्रिका त्यानं स्वतः नेऊन दिली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "माय म्हणे द्या लागते." दुपारची पंगत बसली होती, आणि मी पुऱ्यांची टोपली घेऊन वाढत होते. एकेक पत्रावळ करत पुढं सरकले आणि समोर ते. केस पुढून विरळ झालेले. मोठ्या टीमनं त्यांना वर्षभरातच बदललं, हे माझ्या कानावर आलं होतं. ते ऐकून बरं वाटेल असं मला वाटायचं, पण तसं काही झालं नव्हतं.

मी दोन पुऱ्या वाढल्या. ते पत्रावळीकडे पाहत म्हणाले, "खेळून राहिली ना अजून?"

"हाव."

"चांगली टीम आहे?"

"आहे."

शेजारचा म्हातारा पुरीसाठी हात पुढं करून बसला होता. त्यांनी वर पाहिलं. "किती वाजता बसता?"

त्यात काही डाव नव्हता. एका खेळणाऱ्यानं दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं होतं. मी म्हाताऱ्याच्या पत्रावळीवर पुऱ्या ठेवल्या आणि पुढं गेले.

ओळ संपवून वळले तेव्हा ते उठले होते. नळावर हात धुऊन त्यांनी होमराजच्या आईला वाकून नमस्कार केला. तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मांडवाच्या तोंडाशी चपलांचा ढीग होता, त्यात आपली जोडी शोधत ते बराच वेळ वाकून उभे राहिले. एक सापडली, दुसरी सापडेना. मला इथून ती दिसत होती, खांबाच्या पलीकडे पडलेली. मी हाक मारली नाही. शेवटी त्यांनाच ती दिसली, आणि पायात घालून ते उन्हात निघून गेले.